फसवी ऊब

वरून पाहिलं तर फुलाला काही झालंय असं वाटतच नव्हतं. पाकळ्या गुलाबी होत्या, टवटवीत होत्या. बागायतदारानं फूल देठासकट खुडलं, डाव्या तळहातावर ठेवलं, खिशातून ब्लेड काढलं आणि ते फूल देठापासून वरपर्यंत उभं चिरलं. मग दोन्ही भाग उलगडून माझ्यासमोर धरले. पाकळ्यांच्या तळाशी मोहरीच्या दाण्याएवढं अंडाशय होतं. पुढं फळ होतं ते त्याचंच. ते पोपटी असायला हवं होतं, पण ते काळं पडलं होतं, भिजलेल्या चहापत्तीसारखं. त्यानं दुसरं फूल चिरलं, तिसरं चिरलं. एका फांदीवरची दहा फुलं झाली, दहाही काळी. खिशातल्या छोट्या वहीत त्यानं आकडा लिहिला आणि तो पुढच्या झाडाकडं वळला.

मार्च २०२३च्या तिसऱ्या आठवड्यातली ती सकाळ. जागा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, मॅकन शहराच्या दक्षिणेला फोर्ट व्हॅलीच्या आसपासची. लाल मातीचा उंचसखल मुलूख आणि त्यावर नजर जाईल तिथवर पीचच्या रांगा. पीच म्हणजे आपल्या जुन्या कोशांतलं सप्ताळू. मी अटलांटात राहते, तिथून ही बाग गाडीनं दोन तासांवर. पण माझा जन्म निफाड तालुक्यातला, द्राक्षाच्या बागेतला. थंडीनं गेलेली बाग कशी दिसते हे मला माहीत आहे, असं मी त्या सकाळपर्यंत समजत होते. आमच्याकडं थंडीचा मार दिसतो. मणी तडकतात, पानं करपतात, घड मलूल होतात. इथं मात्र सगळी बाग फुलांनी लगडलेली होती, मधमाश्या फिरत होत्या, आणि त्या फुलांतलं जवळजवळ एकही फूल आता फळ होणार नव्हतं.

त्या उन्हाळ्यात जॉर्जियाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पीच गेलं.

बातम्यांत सगळीकडं एकच शब्द होता, फ्रॉस्ट. वसंतातल्या थंडीनं पीक मारलं. ते खोटं नाही, पण ती अर्धी गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी कळली नाही तर बागायतदाराचं दुःखही नीट कळत नाही. ती गोष्ट प्रश्नाच्या रूपात पहिल्यांदा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझ्यापुढं ठेवली. त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी निफाडला घरी फोन लावला. तिकडं संध्याकाळचे साडेसात वाजले होते, अण्णा नुकतेच बागेतून आले होते. मी त्यांना काळ्या फुलांचं सांगितलं.

“किती खाली गेला होता पारा?” त्यांनी विचारलं.

“शून्याच्या खाली तीन-चार अंश, अण्णा.”

ते जरा थांबले. “अगं, पण तिथं डिसेंबरात याच्यापेक्षा जास्त पडत असंल ना? मग तेव्हा नाही मेलं झाड, अन् आता कसं मेलं?”

बरोबर होतं त्यांचं. त्याच हिवाळ्यात, २०२२च्या नाताळात, जॉर्जियात ध्रुवाकडची हवा उतरली होती आणि तेव्हाचा कडाका मार्चमधल्या थंडीपेक्षा कितीतरी मोठा होता. तो या झाडांनी सोसला. तीच झाडं अडीच-तीन महिन्यांनी त्यापेक्षा सौम्य थंडीला बळी पडली. थंडी मोठी नव्हती. झाडं जागी झालेली होती.

पीचचं झाड हिवाळ्यात झोपतं, आणि ही झोप साधी नसते. पुढच्या वर्षीचं फूल आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यात तयार होतं, आणि मग झाड स्वतःला कुलूप लावून घेतं. नोव्हेंबरात चार दिवस ऊब आली म्हणून ते फुलत नाही, कारण फुललं तर मरेल. या कुलपाची किल्ली म्हणजे थंडीच. किती तास थंडी सोसली याचा झाड हिशेब ठेवतं. बागायतदार तो हिशेब ‘चिल अवर्स’ या नावानं मोजतात, म्हणजे पारा साधारण ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली असलेला एकेक तास. प्रत्येक जातीची गरज वेगळी. ‘एल्बर्टा’ या जुन्या प्रसिद्ध जातीला साडेआठशेच्या आसपास तास लागतात, ‘रेडहेवन’ला साडेनऊशे, ‘कंटेंडर’ला हजारावर. फ्लोरिडाच्या उबदार मुलखासाठी काढलेल्या जातींचं चारशे-साडेचारशेतही भागतं. तेवढे तास भरले की कुलूप उघडतं. त्यानंतर मात्र झाड थंडी मोजायचं सोडून ऊब मोजू लागतं. ऊब साठत जाते तसा डोळा फुगतो, टोकाला गुलाबी रेघ दिसते आणि फूल उमलतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपण डोळ्याला पेस्ट लावतो तसंच की.” मला कौतुक वाटलं, कारण हे अगदी तसंच आहे. नाशिककडं ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. द्राक्ष मूळचं थंड मुलखातलं. त्याला डोळे फोडायला थंडी हवी आणि आपल्याकडं ती पुरेशी पडत नाही. जे काम तिकडं हिवाळा करतो ते आपण हातमोजे घालून, डब्यात बुडवलेल्या बोळ्यानं करतो, म्हणून आपल्याकडं सगळे डोळे एकसारखे फुटतात. उबदार प्रदेशातल्या पीचवरही हेच औषध काही ठिकाणी वापरतात, पण मात्रा किंवा वेळ चुकली तर तेच औषध कळ्या जाळतं.

२०२३चा जानेवारी आणि फेब्रुवारी अमेरिकेच्या आग्नेय भागात फार उबदार गेला. फेब्रुवारीत अटलांटातसुद्धा आम्ही स्वेटर काढून फिरत होतो, मुलं अंगणात अनवाणी खेळत होती. शहरातल्या माणसांना ते दिवस फार आवडले, आणि मीही त्यातलीच. त्या दिवसांत शंभर मैल दक्षिणेला झाडांच्या हिशेबात भराभर ऊब जमा होत होती. कळ्या नेहमीपेक्षा आधी फुगल्या, बागा लवकर फुलल्या. आणि मार्च आपल्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या थंडीसह आला. जॉर्जियाच्या मध्यभागी मार्चच्या मध्यावर रात्री पारा शून्याखाली जाणं यात नवल काहीच नाही. नवल होतं ते त्या वेळी झाडं ज्या अवस्थेत होती त्याचं.

ही अवस्था किती नाजूक असते त्याचे आकडे बागायतदारांना तोंडपाठ असतात. प्रत्येकाच्या शेडमध्ये, स्वयंपाकघरात, कुणाच्या ट्रकच्या काचेवर एक तक्ता चिकटवलेला असतो. नुसता फुगलेला डोळा उणे ७.८ अंशांपर्यंत अर्धा तास सोसतो, तेवढ्यात दहातली एखादी कळी जाते. नव्वद टक्के कळ्या मारायला उणे १७ अंश लागतात. टोकाला गुलाबी दिसू लागलं की हीच दुसरी मर्यादा उणे ९.४ वर येते. पूर्ण उमललेल्या फुलांतली दहा टक्के उणे २.८ ला मरतात आणि नव्वद टक्के उणे ४.४ ला. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहा, दीड अंशाचं आहे. नुसत्या फुगलेल्या कळीला नऊ अंशांहून जास्त सवड असते, उमललेल्या फुलाला दीड अंशाची. आणि पाकळ्या गळून चिमुकलं फळ बसलं की उणे ३.९ लाच नव्वद टक्के संपतं.

असं का होतं, याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं, म्हणून इथं जरा थांबते. झोपलेल्या कळीतलं पाणी शून्याला गोठत नाही. बर्फ व्हायला बर्फाचाच एखादा कण लागतो, त्याला धरून पुढचं पाणी गोठत जातं. हिवाळ्यात बर्फ आधी कळीच्या बाहेरच्या खवल्यांत आणि खालच्या फांदीत धरतो. पण फांदी आणि आतलं कोवळं फूल यांना जोडणाऱ्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तेव्हा अजून तयार झालेल्या नसतात. वाटच नसल्यामुळं बर्फाला आत शिरता येत नाही, आणि आतलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली द्रवरूपात राहतं. वसंतात फूल वाढू लागलं की त्याला पाणी लागतं, म्हणून झाड ती वाट बांधतं. ज्या वाटेनं फुलाला पाणी मिळतं त्याच वाटेनं मग बर्फही आत येतो. उमलण्यासाठी झाडाला आपलं संरक्षण स्वतःच सोडावं लागतं. ऊब लवकर आली की ते लवकर सोडावं लागतं, एवढंच.

त्या आठवड्यात एकच वाईट रात्र आली असती तर कदाचित थोडं वाचलं असतं. पीचच्या झाडावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुलं येतात. दहा-पंधरा टक्के फुलं टिकली तरी पूर्ण पीक येतं. एरवी फळं सुपारीएवढी झाली की मजूर लावून हातानं विरळणी करतात, एका फळापासून दुसरं वीतभर अंतरावर ठेवतात, नाहीतर सगळीच बारीक राहतात. म्हणजे दहातली आठ फुलं गेली तरी बागायतदार हबकत नाही, उलट विरळणीची मजुरी वाचली म्हणतो. नव्वद टक्के पीक जायला किती फुलं मरावी लागत असतील याचा अंदाज यावरून यावा. त्या मार्चमध्ये थंडी एकदा येऊन गेली नाही, पुन्हा आली. पहिल्या वेळी जी फुलं उमललेली नव्हती म्हणून वाचली होती, ती दुसऱ्या वेळेपर्यंत उमलली होती.

रात्रभर जागून लढता येत नाही का? येतं, पण रात्र कोणत्या जातीची आहे यावर ते ठरतं. एक रात्र निरभ्र असते, वारा पडलेला असतो, जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते आणि थंड हवा जड म्हणून खाली बसते. पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरं पडतं. अशा रात्री दहा-पंधरा मीटर वर हवा खालच्यापेक्षा उबदार असते. मग बागेत उभ्या केलेल्या दहा मीटर उंच खांबांवरचे मोठे पंखे सुरू करतात. ते वरची ऊब खाली ढवळतात, आणि एक पंखा साधारण दहा एकरांत अंश-दोन अंशांची भर घालतो. वर सांगितलेला तक्ता पाहिला तर या दोन अंशांची किंमत कळेल. पण दुसऱ्या जातीची रात्र वाऱ्यासह येते. उत्तरेकडची थंड हवा अख्खा मुलूख व्यापते, वर-खाली सगळीकडं सारखीच थंड. तिथं ढवळायला वर ऊबच नसते. पंखे निमूट उभे राहतात.

पाणी हा दुसरा मार्ग. एक ग्रॅम पाणी गोठताना ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. म्हणून झाडांवर किंवा झाडांखाली तुषार सोडतात, पाणी गोठत राहतं आणि त्या उष्णतेनं कळीचं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. पण हे एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही. मध्येच पंप बंद पडला तर ओली कळी कोरड्या कळीपेक्षा जास्त थंड होते. आणि वरून पाणी सोडलं तर पीचच्या फांद्या बर्फाच्या वजनानं मोडतात, म्हणून झाडाखालचे बारीक तुषारच बरे. हेलिकॉप्टर भाड्यानं आणून बागेवर घिरट्या घालायला लावणारेही आहेत. या सगळ्याआधी करायचा एक साधा उपाय मात्र प्रत्येक जण करतो. झाडाखालचं गवत आणि तण काढून जमीन उघडी, दाबलेली आणि ओली ठेवायची. अशी जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्री परत देते. तण असलं की ती ऊब वर येतच नाही.

आमच्या निफाडला माझ्या लहानपणी हेच वेगळ्या हत्यारांनी व्हायचं. डिसेंबर-जानेवारीत गारठा वाढला की बांधाबांधावर शेकोट्या पेटायच्या, ओला पालापाचोळा टाकून धूर करायचा, आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट. आई मध्यरात्री चहा घेऊन बागेत जायची. चौथी-पाचवीत असेन, तिच्या मागं कंदील धरून गेल्याचं आठवतं. बांधावरून लवणात उतरताना पायांना अचानक गार लागायचं, पाण्यात उतरल्यासारखं. चार पावलं परत वर आलं की नाहीसं व्हायचं. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागी साचते हे मी पुस्तकात फार नंतर वाचलं. जॉर्जियातला तो बागायतदार मला बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात घेऊन गेला तेव्हा तिथं खांबाला फुलांच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगलेला होता. दुसरा टेकाडावर होता. शांत रात्री दोघांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, असं तो म्हणाला. तो दिवस टेकाडावरही वाईट होता. पण तिथल्या वरच्या फांद्यांवर त्यानं चिरलेल्या दहांत एक फूल हिरवं निघालं. त्यानं ते मला दाखवलं आणि बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

ही जमीन आणि हे फळ यांचं नातं जुनं आहे आणि सरळ नाही. पीच मूळचं चीनचं. लॅटिन नावात ‘पर्सिका’ आहे, पण ते इराणमार्गे युरोपात गेलं म्हणून. आपल्याकडंही ते चीनहूनच आलं. सातव्या शतकात आलेला ह्युएन त्संग लिहून गेला आहे की कनिष्काच्या काळात पंजाबात ठेवलेल्या चिनी ओलिसांनी हे फळ तिथं आणलं आणि लोक त्याला ‘चीनानी’ म्हणत. अमेरिकेत ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलं आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी इतकं आपलंसं केलं की नंतर आलेल्या इंग्रजांना ते इथलंच वाटलं. व्यापारी बागा मात्र यादवी युद्धानंतरच्या. मार्शलव्हिल इथल्या सॅम्युअल रंफ यांनी १८७०च्या दशकात एक मोठं, पिवळ्या गराचं, दूरच्या प्रवासात टिकणारं पीच काढलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं, एल्बर्टा. बर्फ घातलेल्या पेट्यांतून ते रेल्वेनं न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि जॉर्जियाचं नाव झालं. १९२४ साली या भागातल्या नव्या काउंटीला पीच हेच नाव दिलं गेलं. १९२८ साली राज्यात जवळजवळ ८० लाख बुशेल पीच निघालं. त्यानंतर तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

विल्यम थॉमस ओकी या इतिहासकारानं २०१६मध्ये जॉर्जियाच्या पीचवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ही सुंदर बागायती कापसाच्या जिवावर उभी राहिली. कापसाच्या कामात उन्हाळ्यात जी उसंत मिळायची त्या आठवड्यांत तोडणीला काळ्या मजुरांचे हात स्वस्तात मिळत. फुलांचे महोत्सव झाले, पोस्टकार्डं छापली गेली, आणि त्या चित्रांत ते हात क्वचितच दिसले. आज तोडणीला मुख्यतः मेक्सिकोतून हंगामी परवान्यावर आलेली माणसं असतात. पीक गेलं तर बागायतदाराला विमा असतो, सरकारी आपत्ती-कर्ज असतं. २०२३मध्ये केंद्रीय कृषी खात्यानं जॉर्जियातल्या अनेक काउंट्या आपद्ग्रस्त जाहीरही केल्या. मजुराला मात्र फक्त बोलावणं असतं किंवा नसतं. त्या वर्षी अनेकांना नव्हतं. थंडीच्या नुकसानीचा हिशेब जिथं जिथं छापून आला तिथं तो पेट्यांत आणि डॉलरांत होता. मेक्सिकोतल्या एखाद्या गावात त्या उन्हाळ्यात न पोचलेल्या पगाराचा रकाना मला त्यात कुठं दिसला नाही, आणि तो असायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

जुनी माणसं १९५५चं नाव काढतात. त्या वर्षी मार्चअखेरच्या थंडीत इथलं पीच जवळजवळ झाडून सगळं गेलं होतं. मग २००७. त्या वर्षीचा मार्च अतिशय उबदार होता आणि ईस्टरच्या आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीला, कडाका आला. देशभरातल्या शेतीचं दोन अब्ज डॉलरहून जास्त नुकसान झालं. २०१७ला हिवाळाच इतका कोमट गेला की अनेक जातींचे थंडीचे तास भरलेच नाहीत. अशा वर्षी झाड अर्धवट झोपेतून उठल्यासारखं वागतं. एका फांदीवर फूल, शेजारची उघडी, पानं उशिरा, फळं बटणाएवढी होऊन तिथंच थांबलेली. त्यातून जे फुललं होतं ते मार्चच्या गारठ्यानं नेलं, आणि साधारण ८० टक्के पीक बुडालं. मग सहाच वर्षांनी २०२३. शेवटच्या तिन्ही वेळा थंडीच्या आधी ऊब आली होती. म्हणून मी म्हणते की नुसतं थंडीला दोष देणं म्हणजे चोराच्या मागून आलेल्याला धरणं आहे.

मग कमी थंडीत भागणाऱ्या जाती लावाव्यात, असं कुणीही म्हणेल. मीही त्या सकाळी तेच म्हणाले. त्या बागायतदारानं मान हलवली आणि मला रस्त्याकडेच्या एका रांगेपाशी नेलं. ती कमी तासांचीच जात होती. तिचे तास जानेवारीतच भरले होते, फेब्रुवारीतल्या पहिल्या उबेला ती सगळ्यांच्या आधी फुलली होती आणि सगळ्यांच्या आधी मेली होती. पेच हा आहे. जास्त तासांची जात लावली तर कोमट हिवाळ्यात ती नीट जागी होत नाही. कमी तासांची लावली तर ती लवकर जागी होऊन मार्चच्या तावडीत सापडते. हवी आहे अशी जात, जिला थंडी कमी पुरते पण जी ऊब मात्र सावकाश मोजते. कुलूप लवकर उघडलं तरी दार उशिरा लोटणारी. बायरन इथल्या केंद्र सरकारच्या फळसंशोधन केंद्रात आणि ग्रिफिन इथं जॉर्जिया विद्यापीठात यावर काम चालू आहे. ‘जुलैप्रिन्स’, ‘ऑगस्टप्रिन्स’ अशा इथल्या बागांच्या आवडत्या जाती बायरनच्याच. पण एका संकरापासून बागायतदाराच्या हाती जात पोचेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात, आणि लावलेली बाग स्वतः पंधरा-वीस वर्षंच जगते. आज लावायचं झाड २०४०च्या हिवाळ्यासाठी निवडायचं असतं.

जूनमध्ये मी पुन्हा गेले. एरवी या दिवसांत पॅकिंग शेडच्या दारातच वास येतो. फळं शेतातून आली की आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून त्यांच्यातली शेताची उष्णता काढतात, मग ब्रशांवरून जाताना त्यांच्या अंगावरची लव उतरते आणि ती हवेत तरंगत राहते. हातांना खाज सुटते. शेडमधल्या बायका लांब बाह्यांचे शर्ट घालतात ते त्यासाठी. त्या दिवशी पट्टा बंद होता. रिकाम्या खोक्यांच्या चवडी तशाच बांधलेल्या होत्या. बागेत मात्र काम चालू होतं. फळ नसलं तरी छाटणी, फवारणी, तण काढणं चुकत नाही, नाहीतर पुढच्या वर्षीचे डोळेही जातात. खर्च सगळा आणि उत्पन्न नाही. या भागातल्या बऱ्याच घरांना पिकॅनच्या झाडांनी तारलं. अक्रोडाच्या कुळातलं ते कठीण कवचाचं फळ, उशिरा फुलणारं आणि शरदात निघणारं. एकाच फळावर सगळा डाव लावायचा नाही ही अक्कल इथं तीन-चार पिढ्यांच्या पडझडीतून आली आहे.

खरं तर आज कॅलिफोर्निया आणि साउथ कॅरोलायना जॉर्जियापेक्षा जास्त पीच पिकवतात, आणि खुद्द जॉर्जियात ब्लूबेरीचं उत्पन्न पीचपेक्षा मोठं आहे. तरी गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच आहे, १९९९च्या पाव डॉलरच्या नाण्यावर पीच आहे, अटलांटातल्या डझनावारी रस्त्यांच्या नावात पीचट्री आहे. म्हणून ते गेलं की राज्याला चुटपुट लागते. हापूस गेला की आपल्याला लागते तशीच.

आणि हापूसचा विषय निघालाच आहे तर, कोकणातल्या बागायतदाराला वरची सगळी कथा सांगायची गरज नाही. थंडी वेळेवर पडली नाही तर मोहोर येत नाही, आणि जास्त लांबली तर पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळतात. निफाडला २०१८च्या डिसेंबरअखेर पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. त्या रात्री अण्णा सत्तरीत असूनही बागेतच होते. झाड वेगळं, रोग वेगळे, पण नेमकी कोणत्या अवस्थेत असताना थंडी आली हाच प्रश्न तिकडंही असतो. मणी फुगत असताना आली तर फुगवण थांबते, साखर भरताना आली तर मणी तडकतात.

एका बाबतीत मात्र जॉर्जियातला शेतकरी पुढं आहे, आणि ती बाब पैशाची नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर थंडीचे तास रोज मोजले जातात आणि कुणालाही पाहता येतात. पण तो बागायतदार तेवढ्यावर थांबत नाही. केंद्र काही मैलांवर आहे आणि त्याचा सखल कोपरा त्याच्याच बागेत आहे. त्याच्या वहीत वीस वर्षांच्या पहाटा आहेत, तारीख, दोन्ही थर्मामीटरांचे आकडे आणि त्या दिवशी डोळा कोणत्या अवस्थेत होता ते. कोणत्या तुकड्यात पुन्हा पीच लावायचं नाही हे त्यानं त्या वहीवरून ठरवलं. त्या खोलगट भागात आता पिकॅन उभे आहेत. आपल्याकडं हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर. महाराष्ट्रात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि ती असणं चांगलंच आहे. पण बांधावरून लवणात उतरताना चार पावलांत बदलणारी थंडी मंडळाच्या केंद्राला कशी दिसणार? ती ज्याच्या पायांना लागते त्यानंच लिहून ठेवली पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात मी घरी गेले तेव्हा अण्णांसाठी रात्रीचा नीचांक धरून ठेवणारे दोन थर्मामीटर घेऊन गेले. एक विहिरीजवळ उंचावर लावला, एक लवणात घडांच्या उंचीवर. पहिल्याच आठवड्यात एका पहाटे दोन्हींत अडीच अंशांचा फरक निघाला. अण्णांनी शाळेच्या वहीला रेघा आखल्या आहेत.

तुमची बाग असेल, द्राक्षाची, आंब्याची, कसलीही, तर एक थर्मामीटर आणा, बागेतल्या सगळ्यात सखल कोपऱ्यात फळाच्या उंचीवर टांगा, आणि रोज पहाटे त्याचा आकडा, तारीख आणि डोळ्याची अवस्था एका वहीत लिहायला लागा.